भाजी कशी धुवावी? खेड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत, आठवडी बाजारात, अंगणवाडीच्या ओट्यावर बाया भाजी धुण्याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र मांडलं आहे. उत्तरं लिहिताना विदर्भातल्या खेड्यातलं घर डोळ्यांपुढे ठेवलं आहे. तिथे नळ रोज येत नाही, फ्रिज प्रत्येक घरी नाही, आणि भाजी जितकी बाजारातून येते तितकीच वावरातूनही येते.

भाजी शिजवल्यावर जंतू मरतातच. मग इतकं धुवायचं कशाला?

नीट शिजलेल्या भाजीत टायफॉइडचे, हगवणीचे, काविळीचे जंतू उरत नाहीत हे खरं. जंतांची अंडीही उकळीत मरतात. पण माती-कचरा शिजवल्याने जात नाही, आणि फवाऱ्याचं औषध शिजवल्याने जाईल याचा भरवसा नाही.

दुसरं म्हणजे, आपण सगळं शिजवून कुठे खातो? झुणका-भाकरीसोबत कांद्याच्या पातीचा किंवा मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर असते. ताटात कच्चा कांदा, मुळा, काकडी, टमाटर असतं. हिरव्या मिरचीची चटणी पाट्यावर वाटून तशीच खातो. आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर! पोहे झाले, वरण उतरलं, की गंज (पातेलं) खाली घेतल्यावर वरून सांबार पेरायचा. घरातल्या बाईला तो शिजलेल्या भाजीचाच भाग वाटतो, पण त्याला आच लागलेलीच नसते.

म्हणून धुण्याचा सगळा जोर कच्च्या खाण्यावर द्यायचा. रश्श्यात उकळणाऱ्या वांग्याला एक पाणी कमी पडलं तर एकवेळ चालेल, घोळाण्याच्या मेथीला चालणार नाही.

धुवायची नेमकी पद्धत सांगा.

आधी हात, साबणाने. शेणाचे, लेकराला धुतल्याचे, वावरातून आल्याचे हात तसेच भाजीला लागले तर पुढचं सगळं वाया. मग परात किंवा गंज, चाळणी आणि पावशी (विळी) धुऊन घ्या. पावशीवर आदल्या वेळी मटण किंवा मासोळी कापली असेल तर तिला साबण आणि गरम पाणी हवंच.

पालेभाजीची जुडी सोडून पसरवा. मुळं, पिवळी-सडकी पानं काढून टाका. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवून हाताने खालीवर हलवा आणि क्षणभर थांबा. रेती तळाला बसते. आता पानं वरच्या वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. इथे पुष्कळ जणी पानांसकट पाणी चाळणीत ओततात, आणि तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पानं उचलायची, पाणी मागे राहू द्यायचं. तळाला रेती दिसेनाशी होईपर्यंत हे करायचं. चिवळ, घोळ या जमिनीला चिकटून वाढणाऱ्या भाज्यांना चार-पाच पाणी लागतात, मेथीला बहुधा तीन पुरतात. शेवटी चाळणीत ठेवून वरून पिण्याच्या पाण्याची धार सोडायची.

काकडी, टमाटर, गाजर, लवकी अशा भाज्या धारेखाली हाताने चोळून धुवाव्यात, निदान अर्धा मिनिट. आलू, रताळं, अद्रक यांना नारळाची स्वच्छ काथी किंवा फक्त भाजीसाठी ठेवलेला मऊ ब्रश लावा. कारल्याच्या खाचांतही तोच फिरवा. वांग्याच्या टोपीखाली धूळ आणि औषध दोन्ही साचतं, तिथे बोट घालून चोळा. भेंडी, मिरची देठासकट धुवा, देठ नंतर काढा.

चोळणं आणि वाहतं पाणी, खरं काम ही दोन करतात. जंतांची अंडी चिकट असतात. नुसतं भिजवून ठेवल्याने ती सुटत नाहीत.

धुतल्यावर स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसलं तर उरलेसुरले जंतू आणखी कमी होतात. पण ज्या फडक्याने ओटा आणि चूल पुसतो, त्याने पुसण्यापेक्षा न पुसलेलं बरं.

वाहतं पाणी म्हणता, पण नळ दोन दिवसांआड येतो. उन्हाळ्यात तर टँकरच. कसं करायचं?

वाहत्या पाण्यासाठी नळ लागतोच असं नाही. एकीने गडव्याने बारीक धार सोडायची, दुसरीने चोळायचं. एकटीलाच करायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तीन-चार बारीक छिद्रं पाडा, बाटली भरून उलटी बांधा, खाली चाळणी ठेवा. घोळाण्यापुरती मेथी एवढ्या पाण्यात छान निघते.

घरच्या रोजच्या भाजीसाठी तीन भांडी मांडा. पहिल्यात माती काढायचं पाणी, दुसऱ्यात त्याहून स्वच्छ, तिसऱ्यात पिण्याचं. आधी कमी मळलेल्या भाज्या धुवा, म्हणजे टमाटर, काकडी, मिरची. मग पालेभाजी, आणि सगळ्यात शेवटी आलू-गाजर. पहिलं पाणी गढूळ झालं की ते फेकायचं, दुसरं भांडं पहिल्याच्या जागी घ्यायचं, तिसरं दुसऱ्याच्या जागी, आणि नवीन पाणी फक्त तिसऱ्यात भरायचं. असं सरकवत नेलं की पाणी बरंच वाचतं आणि शेवटचं पाणी प्रत्येक वेळी ताजं राहतं.

हे सरकवणं एकाच बैठकीत करायचं. आजचं शेवटचं पाणी उद्याचं पहिलं म्हणून रात्रभर झाकून ठेवू नका. आपल्या उकाड्यात त्यात जंतू वाढलेले असतात.

पाणी फारच तुटलं तर त्या दिवशी कच्चं खाणं बंद ठेवा आणि भाजी शिजवून खा. मे महिन्यात घोळाण्याविना कोणाचं अडत नाही.

कोणतं पाणी चालतं? विहिरीचं, हापशीचं, आरओच्या कॅनचं?

एकच कसोटी ठेवा. शेवटचं पाणी असं असावं की जे तुम्ही लेकराला प्यायला द्याल. पहिली माती काढायला साधं विहिरीचं पाणी चालतं.

उघड्या विहिरीत पावसाळ्यात वरचं पाणी उतरतं, त्यासोबत गावातली घाणही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतो. ती कधी टाकली, पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ती तपासणी, झाली का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. आपल्या गावाचं कोणतं आहे ते माहीत करून घ्या. लाल असेल तर कच्च्या भाजीचं शेवटचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या. पाण्याला खळखळून उकळी आली की ती मिनिटभर टिकू द्यायची, मग झाकून गार करायचं.

हापशीचं पाणी सहसा उघड्या विहिरीपेक्षा बरं, पण हापशीच्या ओट्याला भेगा असतील आणि बाजूला उकिरडा किंवा डबकं असेल तर तेही धोक्याचंच. कालव्याच्या आणि नाल्याच्या पाण्यात कच्चं खायची भाजी धुऊ नये. वावरातल्या मुळ्याला कालव्यात बुचकळून तिथेच खाणं आपल्याकडे सर्रास चालतं. ते सोडायला हवं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बाया विचारतात की खारं पाणी धुवायला चालतं का. चालतं. खारेपणाने भाजीचं बिघडत नाही, पाणी जंतूंपासून स्वच्छ हवं एवढंच. यवतमाळ-चंद्रपूरच्या ज्या गावांत पाण्यात फ्लोराइड आहे तिथेही पानांना चिकटून पोटात जाणारं पाणी अगदी थोडं असतं. तिथला खरा प्रश्न पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचा आहे, आणि फ्लोराइड उकळून जात नाही हे लक्षात असू द्या.

आरओची कॅन चालते, पण तिची गरज नाही. चार दिवस उघडी राहिलेली, गडवा बुडवून-बुडवून वापरलेली कॅन झाकलेल्या माठापेक्षा स्वच्छ नसते.

मग टीसीएल पावडरच भाजीच्या पाण्यात टाकली तर?

टाकू नका. ती विहिरीसाठी आणि टाकीसाठी असते, तिचं माप घरच्या परातीला जुळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारे क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या वापरून पाणी शुद्ध करा, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच, आणि सांगितला तेवढा वेळ थांबून ते पाणी शेवटच्या धुण्याला घ्या.

२०२० मध्ये करोनाच्या काळात देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भाज्या-फळं ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवून धुवायचा सल्ला दिला होता. ५ टक्के तीव्रतेचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्याला १ मिलिलिटर एवढं ते माप होतं. पण फरशीसाठी मिळणाऱ्या, वास घातलेल्या ब्लीचला हे लागू नाही, ते अन्नाजवळ नेऊच नये. घरी सिरिंजने अचूक माप घेणारं कोणी नसेल तर या वाटेला जाण्याची गरज नाही.

क्लोरीनलाही मर्यादा आहे. टायफॉइड-हगवणीचे जंतू त्याने मरतात, जंतांची अंडी मरत नाहीत. ती चोळून, धुऊनच काढावी लागतात.

मीठ, हळद, खायचा सोडा, व्हिनेगर यातलं काय खरं उपयोगाचं?

मिठाच्या पाण्याने भाजीतल्या अळ्या बाहेर येतात आणि वर बसलेलं काही औषध सुटतं. हळदीचं पाणी लावल्याने भाजी शुद्ध होते असं धरून चालू नका. व्हिनेगरने काही जंतू कमी होतात, पण तेवढ्यासाठी पैसे घालवावेत असं मला वाटत नाही.

खायच्या सोड्याबद्दल मात्र चांगला प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर दोन कीटकनाशकं लावून ती वेगवेगळ्या पाण्यांत धुऊन पाहिली. १ टक्का सोड्याच्या पाण्यात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं बहुतेक औषध निघालं. साध्या पाण्यापेक्षा आणि ब्लीचच्या पाण्यापेक्षा ते सरस ठरलं. पण सालीच्या आत मुरलेलं औषध त्यानेही निघालं नाही.

घरी करायचं तर लिटरभर पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे सोडा घाला. टमाटर, काकडी, वांगी, ढोबळी मिरची अशा गुळगुळीत भाज्या पाव तास ठेवा, मग साध्या पाण्याने चोळून धुवा. बाजारातून आणलेल्या, कच्च्या खायच्या भाजीला हे जरूर करा. सोडा धुण्यापुरताच. भाजी किंवा डाळ शिजवताना घातला तर जीवनसत्त्वं जातात.

भांड्याच्या साबणाने किंवा पावडरने धुतली तर जास्त स्वच्छ होईल ना?

नाही. भाजीच्या सालीला, पानाला बारीक छिद्रं असतात, साबण त्यात शिरतो आणि पोटात जातो. बाजारातली महाग 'व्हेज वॉश'ची बाटलीही नको. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने १२ कीटकनाशकांवर तपासणी केली, तेव्हा साध्या वाहत्या पाण्याने त्यातल्या ९ औषधांचे अंश बरेच कमी झाले, आणि बाटलीतली द्रावणं साध्या पाण्याहून काही जास्त करू शकली नाहीत.

धुतल्याने फवाऱ्याचं औषध जातं का?

अर्धं उत्तर हो, अर्धं नाही. काही औषधं पानाच्या वरच राहतात. सायपरमेथ्रिनसारखी स्पर्शाने किडीला मारणारी औषधं बरीचशी धुऊन, चोळून, सोलून कमी होतात. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिफेट ही आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात उतरतात. ती फळात, पानात आतवर असतात. तिथे सोडा, मीठ, गरम पाणी, कशाचाच हात पोचत नाही.

म्हणजे या औषधांपासूनचा बचाव चुलीपाशी होत नाही, वावरातच करावा लागतो. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. कोणाचा तीन-पाच दिवसांचा काळ, कोणाचा पंधरवड्याहून जास्त. सोमवारी फवारा आणि बुधवारच्या बाजाराला वांगी, असं होता कामा नये. विकायच्या भाजीलाही हे तितकंच लागू. आपली वांगी दुसऱ्या गावात कोणाचं तरी लेकरू खातं.

दुसरी गोष्ट याहून जास्त घडते. कपाशीसाठी आणलेलं औषध थोडं उरतं, आणि ते परसातल्या वांग्या-भेंडीवर मारलं जातं. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने समजून घ्या. कपाशी खायची नसते, भेंडी खायची असते. ज्या औषधाच्या डब्यावर त्या भाजीचं नाव नाही, ते त्या भाजीवर मारू नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ही औषधं किती जहाल आहेत हे आपल्याला परक्याने सांगायची गरज उरलेली नाही.

आणि औषध कालवायची बादली, औषधाचा रिकामा डबा, खताचं पोतं यांचा भाजीशी कधीही संबंध येऊ देऊ नका. बादली कितीही घासली तरी तिच्यात भाजी धुवायची नाही, पोत्यात भाजी भरून आणायची नाही. तसा डबा घरात असेल तर आजच भोकं पाडून निकामी करा.

पराटीच्या (कपाशीच्या) वावरातल्या रानभाज्या खाव्या का?

तरोटा, तांदूळजा, कुंजर, पाथरी, केना ही आपली पावसाळ्यातली मोठी ठेव आहे. निंदणाला गेलेल्या बायांच्या ओटीत संध्याकाळची भाजी असायची. ती परंपरा टिकावी असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे स्पष्ट सांगते: फवारलेल्या पराटीतली रानभाजी खुडू नका.

फवारा पराटीवर मारला तरी खाली उगवलेल्या तांदूळज्यावर तो पडतोच. त्या भाजीसाठी किती दिवस थांबायचं हे कोणत्याच डब्यावर लिहिलेलं नसतं, कारण औषध बनवणाऱ्याने ती भाजी धरलेलीच नाही. तणनाशक मारलेल्या बांधाचंही तसंच. दोन दिवस भाजी हिरवीगार दिसते आणि मग जळते. त्या दोन दिवसांत खुडली तर दिसून काही कळत नाही.

मग कुठून आणायची? न फवारलेल्या पडीतून, गावठाणाच्या दूरच्या कडेने, किंवा घराजवळ एखादा तुकडा राखून. तांदूळजा, घोळ, तरोटा यांचं बी एकदा पडलं की दरवर्षी उगवतं. शेजारच्या वावरात कधी फवारा झाला ते विचारूनच खुडा. वारा त्या बाजूने असेल तर औषध धुरा (बांध) ओलांडून येतं. गावाजवळच्या हागणदारीच्या जागेची भाजीही नको. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती पानाच्या खालच्या बाजूला चिकटते, तेव्हा रानभाजी धुताना पान उलटवून चोळा.

हरभऱ्याची भाजी धुतली तर आंबटपणा निघून जातो. न धुता चालेल का?

हरभऱ्याच्या पानांवरची आंब पाण्यात विरघळते, म्हणून आपल्या आज्या ती भाजी धुतच नसत. त्यांच्या काळी घाटे अळीवर फवारा नव्हता, हा फरक मोठा आहे.

स्वतःच्या वावरातला, अजून एकही फवारा न झालेला हरभरा असेल, कोवळे शेंडे सकाळी स्वच्छ हाताने खुडले असतील आणि भाजी चांगली शिजवायची असेल, तर नुसती निवडून, झटकून केली तर मी हरकत घेणार नाही. उन्हात वाळवून ठेवायची भाजीही अशाच वावराची घ्या, आणि स्वच्छ कापडावर, कोंबड्या-शेळ्यांपासून दूर वाळवा. बाजारातून आणलेली, लोकाच्या वावरातली, किंवा घोळाण्यात कच्ची घालायची असेल तर धुवायचीच. आंबटपणा थोडा जातो, तो अंबाडीने किंवा ताकाने भरून काढा. घाटे भरताना फवारा होतो, तेव्हा शेतातून टहाळ उपटून तिथेच दाणे खाण्याआधी मालकाला फवाऱ्याचं विचारा.

पत्ताकोबीतला किडा डोक्यात जातो म्हणतात, खरं काय जी?

कोबीवर दिसणारी हिरवी अळी डोक्यात जात नाही. ती चुकून शिजली तर किळस येईल, आजार होणार नाही.

या भीतीमागे खरा आजार मात्र आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. अशा माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत, पाण्यात आणि तिथून भाजीवर येतात. ती अंडी पोटात गेली तर त्यातून निघालेला सूक्ष्म जीव रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि झटके येतात. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो, तो यामुळेच. यात कोबीचा दोष नाही. मेथी, मुळा, गाजर, सांबार, कशावरही ती अंडी असू शकतात.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका, बाकीची सुटी करून एकेक धुवा, आणि शक्यतो शिजवून खा. गावात सगळे संडास वापरत असतील आणि डुकरं मोकाट नसतील, तर हा आजार मुळातूनच कमी होतो.

फुलकोबीतल्या अळ्या कशा काढाव्या?

तुरे मोठे-मोठे सोडवून कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. अळ्या वर येतात. मग साध्या पाण्याने धुवा.

जे सोलून खायचं ते कशाला धुवायचं?

चाकू सालीवरची घाण आतल्या गरात नेतो म्हणून. टरबूज, काकडी, पपई सगळं आधी धुवा, मग कापा.

चिरून धुतली तर काय बिघडतं?

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, 'क' आणि 'ब' गटातली, चिरलेल्या कडांतून निघून जातात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही चिरल्यावर धुऊ नका, चिरलेली भाजी पाण्यात ठेवू नका असंच सांगते. शिवाय गढूळ पाणी त्या कडांतून आत शिरतं. वांगी काळी पडू नयेत म्हणून पाण्यात टाकतो, ती फोडणी तयार झाल्यावर चिरली तर पाण्यात टाकावी लागत नाहीत.

बाजारात भाजीवर सारखं पाणी शिंपडतात. त्याचं काय?

ते पाणी कुठलं हे पाहा. बादलीत सकाळपासून तेच पाणी आणि तेच हात असतात. सांबाराच्या जुड्या तर मुळासकट त्यात उभ्या असतात. अशा जुडीची मुळं घरी आल्यावर लगेच कापून टाका आणि पानांना तिन्ही पाण्यांतून काढा.

शहराजवळच्या बाजारात भाजी कुठल्या पाण्यावर पिकली तेही विचारावं. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी वाहून नेते, आणि बहुतेक शहरांजवळ असे नाले आहेत. त्या पाण्यावरच्या पालेभाजीत आत शिरलेले जड धातू धुऊन निघत नाहीत. भेंडी, कारली, मटार नेहमीपेक्षा जास्त हिरवेगार दिसले तर पातळ पॅराफिनमध्ये भिजवलेला कापूस सालीवर घासा. कापूस हिरवा झाला तर वर रंग लावलेला आहे, ती भाजी खाऊ नका.

बाजारातून आणल्याबरोबर सगळी भाजी धुऊन ठेवावी का?

फ्रिज नसेल तर नको. ओली भाजी आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सडते. सडकं तेवढं निवडून काढा, जुड्या सोडून टोपल्यात पसरवा, वर ओलसर स्वच्छ कापड टाका आणि लागेल तेवढी त्या त्या वेळी धुवा. भाजीचं टोपलं जमिनीवर आणि मटणाच्या खाली ठेवू नका.

चिरलेली कच्ची भाजी दोन तासांवर बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून एक तासच धरा.

लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर असते. तिथे कसं सांभाळायचं?

आपली लग्नं भर उन्हाळ्यात, आणि पंगतीनंतर अर्धं गाव हगवणीने पडल्याचं आपण पाहिलेलं असतं. काकडी, कांदा आदल्या रात्री चिरून ठेवू नका. रात्री धुऊन, निथळून, कोरडं करून टोपल्यात झाकून ठेवा आणि पंगत बसायच्या तासाभरात चिरा. धुवायला पिण्याच्या पाण्याचा वेगळा ड्रम ठेवा, त्यात कोणी हात घालू नये म्हणून तोटीचा बघा. चिरणाऱ्या बायांसाठी साबण आणि पाणी जवळच हवं. ज्यांना हगवण लागली आहे त्यांनी त्या दिवशी भाजीला हात लावू नये, हे घरच्या मोठ्या बाईने सांगावं, म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. मठ्ठ्यात घालायचा सांबार विसरू नका, तोही कच्चाच असतो.

घरच्या वाडीतली भाजी तर शुद्धच असते ना?

औषधापासून असेल, जंतूंपासून असेलच असं नाही. ताजं शेण कच्च्या खायच्या भाजीच्या वाफ्यात घालू नका. शेणखत काही महिने कुजून, ऊब संपून, मातीसारखं भुरभुरीत झालेलं हवं. पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्या. कोंबड्या, शेळ्या, मांजरं वाफ्यात येऊ नयेत म्हणून तुऱ्हाट्यांचं कुंपण करा. तोडायचं टोपलं वेगळं ठेवा.

लहान लेकरं आणि गरोदर बाईसाठी वेगळं काही?

गरोदर बाईला कच्ची पालेभाजी आणि घोळाणा शक्यतो देऊ नका, शिजवून द्या. मांजराच्या विष्ठेतून मातीत येणारा एक जंतू पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. लेकरांना काकडी-गाजर द्यायचं तर धुऊन, सोलून, पिण्याच्या पाण्यातून काढून. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका.

जंगलातल्या सात्या (अळिंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) धुऊन खाता येतात?

विषारी सात्या कितीही धुतल्या, उकळल्या तरी विषारीच राहतात. जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय खाऊ नका. बांबूचे वास्ते चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, ही जुनी रीत बरोबर आहे. कच्च्या वास्त्यांत विष असतं आणि ते त्या पाण्यासोबत जातं.

भाजी खाऊन उलट्या-जुलाब झाले तर?

लगेच पाणी-मीठ-साखर सुरू करा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएसची पुडी असेल तर तीच बरी, आशाताईकडे मिळते. लेकराचं अंगावरचं दूध बंद करू नका. शौचात रक्त, लघवी बंद होणं, डोळे खोल जाणं किंवा सुस्ती दिसली तर आरोग्य केंद्रात न्या.

तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, दम लागला, तर ती औषधाची विषबाधा असू शकते. घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा त्याचं नाव सोबत न्या. डॉक्टरांना उतारा ठरवायला तेच कामी येतं.

भाजी धुतलेलं पाणी वाडीला टाकलं तर चालतं?

चालतं, साबण-ब्लीच नसेल तर. सोड्याचं किंवा मिठाचं पाणी रोज एकाच झाडाला नको, जमीन खारवते. साधं पाणी पपईच्या, केळीच्या, शेवग्याच्या बुंध्याशी ओता. मेथी-सांबाराच्या वाफ्यावर ओतू नका, बाजारच्या भाजीवरची घाण तुमच्या कच्च्या भाजीवर परत येईल.